माझ्याच प्रश्नाचं उत्तर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दिवसभर आरोग्य केंद्रात नर्स म्हणून सरकारची अकरा रजिस्टरं भरायची आणि घरी येऊन हे बारावं उघडायचं, म्हणून माझे यजमान पांडुरंग मला हसतात. हसू देत. या वहीत कुणाची सही लागत नाही आणि तपासायला कुणी येत नाही.

आज निलेशचा फोन आला. आमच्या मध्य प्रदेशात आमदाराला विधायक म्हणतात; तो विधायक झाल्यापासून त्याचा फोन म्हणजे आधी पीए बोलतो, मग "साहेब येतायत" म्हणून आपल्याला ताटकळत ठेवतात. आज मात्र थेट तोच. "ताई, विधानसभेत प्रश्न टाकायचाय. आरोग्य केंद्रातल्या लाइटचा. तुम्हीच लिहून द्या. तुमच्याएवढं कुणाला माहीत आहे?"

नऊ वर्षं हा आमच्याच केंद्रात आरोग्य कार्यकर्ता होता. त्याच्या मोटारसायकलला लसींचा डबा बांधून आम्ही चांदनी गावाच्या पलीकडचे सगळे पाडे पालथे घातले. दर वर्षी राखी मीच बांधते. नोकरी सोडून तो राजकारणात गेला तेव्हा घरच्यांनीसुद्धा नावं ठेवली, पाठीवर हात ठेवला तो एकटीने मी, या मालतीने. त्यामुळे आज जरा फुशारल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"निशाच्या बाळाचं लिहू का?" मी विचारलं.

"त्याच्याशिवाय प्रश्नात आहे काय, ताई?"

११ जून २०२४. दुपारी वादळ आलं, केळीच्या बागा आडव्या झाल्या आणि विजेचे खांबही. निशा सकाळी अकरालाच चालत केंद्रात आली होती. तीनच्या सुमाराला मुलगी झाली, सोळाशे ग्रॅम. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरमध्ये ठेवली आणि तीन-चाळीसला लाइट गेली. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दोन वर्षांपासून मेलेल्या. रस्त्यात झाड पडलं म्हणून १०८ गाडी अडकली. डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून दोनच दिवस येतात, त्यातला तो दिवस नव्हता. मी पोरीला निशाच्या छातीशी बांधलं, वरून शाल, बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या. सहा-पन्नासला लाइट आली. तोवर ती गेली होती.

५ नोव्हेंबर

निशा तपासणीला आली. पाचवा महिना, तारीख मार्चच्या मधली. वजन बरं आहे, रक्त कमी आहे. तिला विचारल्याशिवाय लिहिणं बरं नव्हे म्हणून विचारलं.

"माझं नाव नका टाकू हो बाई," ती म्हणाली. "बाकी लिहा. लाइट नव्हती म्हणून गेली ते लिहा. सासू अजून बोलते, मीच काहीतरी केलं म्हणून."

"तुझी काही चूक नव्हती. किती वेळा सांगू?"

"सांगत जा. तुमी सांगितलं की बरं वाटते."

मी तिला शब्द दिला. तुझ्या बाळंतपणाच्या आत केंद्राच्या छतावर सोलर बसेल आणि वॉर्मर बंद पडणार नाही. शब्द देताना मला जरासुद्धा भीती वाटली नाही. आमचा माणूस विधानसभेत बसलाय, आता नाही होणार तर कधी?

संध्याकाळी प्रश्न लिहिला, हिंदीत, सुवाच्य अक्षरात. (क) अमुक तारखेला वीज गेल्यामुळे नवजात बालकाचा मृत्यू झाला हे खरं आहे का? (ख) केंद्रात विजेची पर्यायी व्यवस्था आहे का? (ग) नसल्यास सौर ऊर्जेसाठी निधी कधी देणार? निलेशला फोटो पाठवला. त्याने हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज मी पोट धरून हसले. ब्लॉकमधून, म्हणजे तालुक्याच्या आरोग्य ऑफिसातून, लखोटा आला, वर लाल शाईत "विधानसभा प्रश्न, अतितातडीचे". उघडते तर माझाच प्रश्न! भोपाळहून निघाला, मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून ब्लॉकला आणि ब्लॉकमधून माझ्या टेबलावर. खालून माहिती आल्याशिवाय मंत्री उत्तर देणार कसे, आणि सगळ्यात खाली तर मीच बसलेली. शब्दसुद्धा बदललेला नव्हता.

पांडुरंगांना सांगितलं. पेपर मिलमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस, कागदाचं त्यांना कौतुक नाही. म्हणाले, "बरंय की. पेपर काढणारी तूच, सोडवणारी पण तूच. नापास झालीस तर कुणाला सांगशील?"

२० नोव्हेंबर

(क) हो. (ख) नाही. (ग) लवकरात लवकर द्यावा. लाइट गेल्या-आल्याच्या वेळा लिहिल्या, रजिस्टरच्या पानाची प्रत जोडली. आजवर एवढं सोपं उत्तर मी कुठे लिहिलं नसेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ब्लॉकच्या साहेबांनी बोलावलं. माझा कागद त्यांनी दोन बोटांनी धरला होता.

"सिस्टर, हे काय पाठवलं? तुम्ही 'हाँ' लिहिणार आणि सभागृहात मंत्रीजी उभे राहून 'हाँ' म्हणणार? नोकरी किती राहिली तुमची?"

"पाच वर्षं, सर."

"मग शांतीने काढा ना." त्यांनी स्वतःच्या हाताने मजकूर लिहून पुढे सरकवला. *(क) जी नहीं. प्रसूता विलंब से केंद्र पहुँची, शिशु कम वजन का था. (ख) वैकल्पिक विद्युत व्यवस्था उपलब्ध है. (ग) प्रश्न उपस्थित नहीं होता.*

मी म्हणाले, बाई वेळेवर आली होती, अकराला. ते म्हणाले, "सोमवारपर्यंत सही करून पाठवा." बाहेर येऊन आधी निलेशला फोन लावला. त्याच्या जिवावर तर मी उड्या मारत होते. म्हणाला, उद्या घरी येतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

निलेश आला. गाडी चौकात सोडून गल्लीतून चालत आला, हातात मावा जिलेबीचा डबा. पांडुरंगांच्या पाया पडला. शेवभाजी दोनदा मागून घेतली. "भोपाळला काय खातो मी, ताई? पनीर. फक्त पनीर." अगदी पूर्वीचा निलेश. मला वाटलं, आता हा साहेबांना चांगलं झापणार.

जेवण झाल्यावर म्हणाला, "ताई, साहेब सांगतायत तसं लिहून द्या."

मला आधी कळलंच नाही.

"नीट ऐका. तुम्ही 'हो' लिहिलं तर मंत्री चिडणार. चौकशी बसेल, आणि पहिली मान कुणाची? तुमची. फाइल वर्षभर हलणार नाही. तुम्ही 'नाही' लिहा. मी सभागृहात गप्प बसतो, पुढचं काही विचारत नाही. त्याच्या बदल्यात अनुपूरक म्हणजे पुरवणी बजेटमध्ये आपल्या केंद्राचं सोलर. माझं बोलणं झालंय. आपल्याला उत्तर पाहिजे का लाइट पाहिजे?"

"आणि 'उशिरा आली' हे काहून लिहायचं? ती तर वेळेवर आली होती."

"नाव कुठं असतं त्यात? 'एक प्रसूता.' कोण वाचतं विधानसभेची उत्तरं? भोपाळच्या कपाटात जाऊन पडतात. ताई, टेन्शन मत लो. निशाचीच तारीख जवळ आली ना? तिच्यासाठीच चाललंय हे सगळं."

जाताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. तो गेल्यावर पांडुरंग एवढंच म्हणाले, "जिलेबी चांगली आहे." त्यांना पहिल्यापासून निलेशचं कौतुक कमीच.

२४ नोव्हेंबर

लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. पण उत्तर घेऊन चाटायचंय का? निशाला लाइट पाहिजे.

४ डिसेंबर

निलेशचा फोन. "ताई, झालं! बजेट पास झालं, आरोग्य केंद्रांच्या सोलरला पैसा आला." मी केंद्रात सगळ्यांना पेढे वाटले. निशालाही निरोप धाडला. तिने उलट निरोप पाठवला, "बाईंना सांगा, मुलगा होवो का मुलगी, पहिला हात त्यांचाच लागल."

१२ जानेवारी २०२६, सोमवार

दोन माणसं टेप घेऊन आली, छत मोजलं, फोटो काढले. एकाने विचारलं, "यहाँ बैकअप चालू है ना?" मी म्हटलं, कुठला बॅकअप, बॅटऱ्या बघा, उंदरांनी घर केलंय. त्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. काही न बोलता निघून गेले. असतात काही माणसं घुमी.

निशाचं रक्त वाढलंय. बीट खा म्हटलं तर म्हणते, केळ्याच्या गावात बीट कुठून आणू.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज वही दोनदा उघडून मिटली.

सोलरचं उद्घाटन झालं. आमच्याकडे नाही. नदीकाठच्या मोठ्या गावातल्या केंद्रात. हार, फीत, ढोल, आणि निलेश छतावर उभा, एक हात त्या काळ्या काचेवर ठेवून, जशी काही म्हैस विकत घेतलीय. फोटो मला त्याच्याच ऑफिसातून आला. मला! त्यांच्या यादीत माझा नंबर असणारच, मी बहीण ना त्याची.

सहा वेळा फोन लावला. पीए म्हणतो, साहेब कार्यक्रमात आहेत.

१८ फेब्रुवारी

सुट्टी टाकून बुऱ्हाणपूरला, राजपुऱ्यातल्या त्याच्या ऑफिसात गेले. दीड तास बाकावर बसले. माझ्या शेजारी एक म्हातारा रेशनकार्ड घेऊन बसला होता, त्याला माझ्याआधी बोलावलं.

आत गेल्यावर निलेश उठून उभा राहिला, चहा सांगितला. मी म्हटलं, चहा राहू दे, सोलर कुठे आहे ते सांग.

"ताई, यादी वर बनली, माझ्या हातात नव्हती. त्यांनी विधानसभेचं उत्तर काढून बघितलं. तुमच्या केंद्रात पर्यायी व्यवस्था आहे असं लेखी आहे. मग जिथं नाही तिथं गेलं."

"ते लेखी कुणी लिहायला लावलं?"

"सही तुमची आहे, ताई." आवाज अगदी मऊ होता. "आणि जरा समजून घ्या ना. तिथं महिन्याला साठ बाळंतपणं होतात, तुमच्याकडं आठ. तिथली लेकरं लेकरं नाहीत का?"

साठ आणि आठ. खोटं तर नव्हतं ते. मग मी विचारलं, "आणि मतं किती तिथं?"

तो हसला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "पुढच्या वर्षी तुमचा नंबर पक्का. वचन."

मी त्याला ओळखते असं मला वाटायचं. उन्हात पोलिओच्या डब्याला स्वतःचा रुमाल ओला करून गुंडाळणारा पोरगा होता तो. माझ्याच हाताने माझा गळा कापवला त्याने, आणि वर सांगतो सही तुमची. मला फसवलं. परक्याने फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. राखी बांधलेल्या माणसाला काय शिव्या घालू?

घरी आल्यावर रडले. पांडुरंगांनी मुगाची खिचडी टाकली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

निलेशच्या दोन वर्षांच्या कामाची पुस्तिका निघाली. आरोग्य, निधी, ऊर्जा असे तीन रंगांचे भाग. मोबाइलवर सगळ्या गटांत फिरतेय. आरोग्याच्या पानावर "सभागृहात विचारलेले प्रश्न" म्हणून माझा प्रश्न छापलाय, आणि खाली पूर्ण उत्तर, जसंच्या तसं. कपाटात पडणार होतं म्हणे!

किती खोटारडा माणूस. मला राहून राहून संताप येतोय.

निशा आज तपासणीला आली नाही. नवव्या महिन्यात अशी चुकत नसते. माहेरी जैनाबादला गेली असेल.

२ मार्च, सोमवार

होळीच्या बाजारात निशाची सासू गोदाबाई भेटली. मी निशाचं विचारलं.

"गेली माहेरी. तिकडंच बाळंतीण होईल, मोठ्या दवाखान्यात." मग जवळ सरकली. "बाई, माझ्या पोराने, ललितने, मोबाइलमधी वाचून दाखवलं आमाला. सरकारनं लिहून देलं ना, उशिरा आली म्हणून. मी तवाच बोलत होते, कळा अंगावर काढल्या असतील इनं. तुमी बिचाऱ्या तिला पाठीशी घालून राह्यल्या होत्या, लाइट गेली लाइट गेली करून. चांगल्या मनाच्या तुमी."

माझ्या हातात गाठ्यांची माळ होती. मी तिचे पैसे दिले, पिशवी उचलली आणि आले.

मला बोलायला पाहिजे होतं. पण भर बाजारात, होळीच्या गर्दीत, काय आणि किती सांगणार? सगळं निलेशनेच करून ठेवलंय.

५ मार्च

झोप नाही. निशाला फोन लावला, ललितने उचलला. "ती बोलत नाही, बाई." म्हणजे घरात बोलत नाही का माझ्याशी बोलत नाही, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

१६ मार्च, सोमवार

निशाला मुलगी झाली. बुऱ्हाणपूरला, मोठ्या दवाखान्यात, दुपारी. दोघी ठीक आहेत. मला जिल्ह्याच्या यादीवरून कळलं, कुणी फोन केला नाही.

आमच्याकडे आज एक ते तीन लाइट नव्हती. प्रसूतीच्या खोलीत कुणीच नव्हतं, तरी मी बंद वॉर्मरजवळ जाऊन उभी राहिले. ती इथे आली असती तर, असं मनात आलं.

२२ मार्च, रविवार

जैनाबादला जाऊन आले. पांडुरंग म्हणाले येऊ का, मी नको म्हटलं. रिक्षात सगळं पाठ करत होते. निलेशने कसा शब्द फिरवला, साहेबांनी कसं धमकावलं, माझी कशी फसवणूक झाली. ऐकल्यावर निशाला माझी दया येईल, असंच मी धरून चालले होते. आता लिहिताना लाज वाटतेय.

निशा खाटेवर होती, पोरगी शेजारी दुपट्यात. ललित उंबऱ्यावर बसलेला. गोदाबाई नातीला बघायला आली होती. मी सवयीने बाळाकडे हात नेला.

"राहू द्या, बाई," निशा म्हणाली. "तपासणी झाली तिकडं."

मी स्टुलावर बसले. निलेशचं सुरू केलं. ती खाली मान घालून ऐकत होती. अर्ध्यात तिने मला थांबवलं.

"ते मोठ्या लोकांचं मला नाई समजत. मला एकच सांगा. मी उशिरा आले होते का?"

"नाही गं. अकराला आलीस. चालत आलीस."

"मग लिहून द्या." तिने ललितला वही आणायला सांगितलं. "तोंडी नको. तोंडी तुमी मला पयलेबी सांगत होत्या. त्यांनी कागद वाचला, आता मला कागदच पाहिजे."

वही मांडीवर घेतली तेव्हा पेन्शन डोळ्यांपुढून गेली, हेही लिहून ठेवते. साहेब, चौकशी, सगळं गेलं. तरी लिहिलं. *मी, मालती, आरोग्य केंद्राची नर्स. ११ जून २०२४ ला निशा सकाळी अकरा वाजता, वेळेवर आली होती. लाइट तीन-चाळीसला गेली, सहा-पन्नासला आली. बॅटऱ्या बंद होत्या. निशाची काही चूक नव्हती. विधानसभेला गेलेलं उत्तर खोटं आहे, ते मी लिहिलं आहे.* खाली सही, तारीख.

ललितने मोठ्याने वाचलं, थांबत थांबत. गोदाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि उठून मागच्या दारी गेली. मला वाटलं निशा आता रडेल, मोकळी होईल, कदाचित माझा हातही धरेल.

तिने बाळाचं दुपटं नीट केलं.

"म्हणजे तुमाला माहीत होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, मोठ्या डॉक्टरांनी नंतर काही शोधलं असंल, अन् तुमाला तसं सांगितलं असंल. मी चार-चार वेळा आठवत बसली, खरंच उशीर केला का म्हणून. अन् तुमाला तर पयलेपासून माहीत होतं."

तुझ्यासाठीच केलं गं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. न म्हणताच पेनाला टोपण लावलं.

पोरगी रडायला लागली. निशाने तिला उचलून पदराखाली घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ललितने वहीतला कागद फाडून, घडी करून खिशात घातला. तो कुठे पाठवणार आहे हे मी विचारलं नाही. तेवढा हक्क आहे त्याला. मी चपला घातल्या.

घरी पांडुरंगांनी विचारलं, "कशी आहे पोरगी?"

"छान आहे. दोन किलो नऊशे."

तिला मी हातात घेतलंच नव्हतं. वजन खाटेवरच्या कार्डावर वाचलं होतं.